एकच पिल्लू साऱ्यांना टोचतंय: परसातल्या कोंबड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात दहा-वीस, फार तर पन्नास पक्षी राखणाऱ्या घरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. प्रश्न गावागावांतून आलेले आहेत, आणि बहुतेक बायकांचे आहेत, कारण आपल्याकडे कोंबड्यांचं सगळं घरची बाईच बघते. उत्तरं देताना यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडे सहज मिळणारा दाणा, इथला उन्हाळा आणि इथली खुराडी डोळ्यांसमोर ठेवली आहेत. मोठ्या शेडमधल्या पोल्ट्रीचं गणित निराळं, ते इथे नाही.

एकच पिल्लू साऱ्याइले टोचते जी. काऊन असं करते?

दोन-तीन आठवड्यांची झाली की पिल्लं एकमेकांशी भिडायला लागतात. जरा जवळ बसून बघा. दोघं समोरासमोर येतात, माना ताणतात, मानेवरची नुकती फुटलेली पिसं उभी राहतात, छातीला छाती लागते, एखादी उडी होते, आणि मग एक जण मान खाली घालून दुसरीकडे दाणे वेचायला लागतो. भांडण तिथेच मिटतं. ज्याने मान खाली घातली तो पुढच्या वेळी आपणहून वाट देतो. आधी कोण खाणार, दांडीवर वर कोण बसणार हे असंच ठरत जातं. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी कोंबड्यांमधली ही उतरंड १९२१-२२ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली. आपल्या आज्यांना ती रोजच्या पाहण्यातून ठाऊक होतीच.

म्हणून टोचताना दिसलं की लगेच पिल्लाला मारकं ठरवू नका. समोरच्याने मान खाली घातल्यावरही जे सोडत नाही, मागे धावून टोचतं, पिसं उपटून गिळतं, त्याची मात्र दखल घ्यायलाच हवी. अशी बहुतेक पिल्लं जागा, ऊन, उजेड किंवा दाणा यांतल्या कमीजास्तीने बिघडलेली असतात. रक्तातच भांडण घेऊन आलेलं पिल्लू क्वचित असतं. आधी खुराडं तपासा, मग पिल्लू.

हे नेहमीचं भिडणं आहे की खरा त्रास, हे कसं ओळखायचं?

मारणाऱ्याकडे बघून कळत नाही, मार खाणाऱ्याकडे बघून कळतं. ते दाण्यापाशी येतं का? गळ्याखालची पोटळी संध्याकाळी भरलेली लागते का? हाताने चाचपली की दाणे बोटांना जाणवतात. रिकामी असेल तर दिवसभर त्याला खाऊ दिलेलं नाही. कोपऱ्यात डोकं खुपसून उभं राहणं, शेपटीच्या मुळाशी किंवा पाठीवर उघडी कातडी दिसणं, पंखाच्या कोवळ्या पिसांच्या बुडाशी रक्त असणं, ही सगळी लक्षणं एकच सांगतात. दाणा टाकल्यावरची दहा-पंधरा मिनिटं आणि तिन्हीसांजेला पिल्लं आत शिरण्याची वेळ, या दोन वेळा लांब बसून बघितलं तर कोण कोणाला मारतं ते लपत नाही.

रक्त आलं आहे. आत्ता काय करू?

ते पिल्लू ताबडतोब उचला. लाल रंग दिसला की बाकीची पिल्लंही तिथेच टोचतात, आणि रक्ताची चव लागलेला कळप अर्ध्या दिवसात पिल्लू मारून टाकू शकतो. "संध्याकाळी बघू" म्हणण्याची ही गोष्ट नाही.

स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा. उकळून थंड केलेल्या पाण्याने जखम धुवा, मेडिकलमध्ये मिळणारं पोव्हिडोन आयोडीन लावा. घरात ते नसेल तर हळद आणि कडुलिंबाचं तेल कालवून लावा. तेलाच्या वासाने माश्या कमी बसतात आणि लाल रंगही झाकला जातो. पावसाळ्यात माशी बसून जखमेत अळ्या पडतात, तेव्हा सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. जखम खोल असेल, पोटाकडची असेल किंवा आतडं दिसत असेल तर घरगुती काही करत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. खपली धरून नवी पिसं फुटेपर्यंत त्याला कळपात सोडू नका.

बाजूला कोणाला काढायचं, मार खाणाऱ्याला की मारणाऱ्याला?

जखमी पिल्लू काढावं लागतंच. पण तेवढंच केलं तर मारणारं मोकळंच राहतं आणि दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक शोधतं. शिवाय जखमी पिल्लू बरं होऊन परतलं की कळपाला ते परकं वाटतं, आणि सगळ्यांत खालची जागा पुन्हा त्याच्याच वाट्याला येते.

म्हणून मारणाऱ्याला काढा. डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवा, पण कळपाच्या नजरेसमोर, जिथून तो बाकीच्यांना आणि बाकीचे त्याला बघू शकतील. सावली, पाणी, दाणा नीट द्या. उपाशी ठेवून किंवा फटका मारून कोंबडीला काही शिकवता येत नाही, ती फक्त बिथरते. दोन-तीन दिवस त्याच्याविना गेले की कळप आपसात नव्याने मांडणी करतो. मग परत सोडलं की यालाच नवखं होऊन सुरुवात करावी लागते आणि रग बरीच उतरते.

परत सोडताना अंधार पडल्यावर दांडीवर इतरांच्या शेजारी बसवा. सकाळी खुराडं उघडताना स्वतः तिथे हजर राहा, आणि त्या दिवशी दाणा तीन-चार ठिकाणी टाका, म्हणजे एकाला सगळी भांडी अडवता येत नाहीत. पुन्हा सुरू झालं तर आणखी चार-पाच दिवस डालगं.

जागेचा आणि टोचण्याचा संबंध खरंच असतो का?

फार असतो. चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट, चार ते आठ आठवड्यांत एक चौरस फूट, आणि मोठ्या पक्ष्याला खुराड्यात दोन ते तीन चौरस फूट असा साधा हिशोब धरा. तीन बाय चार फुटांचं खुराडं घेतलं तर दोन आठवड्यांची चोवीस पिल्लं त्यात मावतात, दीड महिन्याची बाराच, आणि मोठे पक्षी चार ते सहा. पिल्लं आणली त्या दिवशी ऐसपैस वाटलेलं खुराडं महिना-दीड महिन्यात अपुरं पडतं, आणि नेमकं त्याच वयात भिडणं जोरात असतं. लोक म्हणतात, "आधी गुणाचं होतं, आता काय झालं?" बहुतेक वेळा जागाच संपलेली असते.

दिवसभर परसात मोकळी सोडता आली तर निम्मं भांडण मिटतं. घार, मुंगूस, मांजर यांच्या भीतीने सोडता येत नसतील तर आतच आडोसे करा. तुराट्यांचा छोटा तट्टा तिरका लावला, पऱ्हाटीचा भारा कोपऱ्यात उभा केला, तरी मार खाणाऱ्याला दिसेनासं होता येतं. पाठलाग करणाऱ्याला समोर कोणी दिसलं नाही की तो विसरतो. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा, तिच्यात लोळण्यात त्यांचा वेळ जातो आणि उवाही कमी होतात. शेवग्याची डहाळी किंवा मेथीची जुडी पिल्लांच्या डोक्याच्या उंचीला टांगून ठेवा. चोच रिकामी राहिली की ती दुसऱ्याच्या पिसांकडे वळते.

उन्हाळ्यात हा त्रास का वाढतो?

पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. म्हणजे महिन्याच्या पिल्लाला २६ अंशांच्या आसपास पुरतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर, वर्धा इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली आणखी. तरी "पिल्लांना बल्ब लागतोच" म्हणून भर दुपारी शंभरचा बल्ब चालू असलेली खुराडी दिसतात. चोची उघड्या, पंख अंगापासून दूर धरलेले, बल्बपासून लांब भिंतीला चिकटलेली पिल्लं दिसली की समजा त्यांना ऊब नको आहे. तापलेली, तहानलेली पिल्लं चिडून टोचतात.

टिनावर तणस किंवा पऱ्हाटी पसरा, उन्हाच्या बाजूला ओलं पोतं लावा, पण वारा अडू देऊ नका. पाण्याची भांडी वाढवा, मातीची असली तर उत्तम, आणि दुपारी पाणी बदला.

उजेडाचंही तसंच. रात्रभर पांढरा लख्ख एलईडी लावला तर पिल्लांना झोप मिळत नाही आणि एकमेकांची प्रत्येक जखम, प्रत्येक कोवळं पीस स्पष्ट दिसतं. साप-मांजराच्या भीतीने उजेड ठेवायचाच असेल तर झिरोचा लाल बल्ब लावा. लाल उजेडात रक्ताचा रंग उठून दिसत नाही. थंडीत लाइट गेली तर पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात, तेव्हा कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका.

दाणा काय देऊ? आम्ही कनकी आणि ज्वारी देतो.

याच प्रश्नात पुष्कळदा सगळं उत्तर असतं. पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लाच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. कनकी (तांदळाची चुरी), ज्वारी, मका यांत ती दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतात. पोट भरतं, पण पिसं फुटायला लागणारं द्रव्य मिळत नाही. पीस हे जवळपास सगळं प्रथिनांचंच असतं. अशी पिल्लं दुसऱ्याची पिसं उपटून खायला लागतात. खुराड्यात गळालेली पिसं जमिनीवर दिसतच नाहीत अशी स्थिती असेल, तर ती खाल्ली जात आहेत आणि दाणा कमी पडतो आहे असं धरून चाला.

निदान पहिला दीड-दोन महिना बाजारातलं पिल्लांचं तयार खाद्य द्या. पैशाची ओढाताण असेल तर निम्मं ते आणि निम्मा घरचा दाणा. घरच्या दाण्यात तुरीची चुनी, भाजून भरडलेलं सोयाबीन, वाळवी, भाजीतल्या अळ्या, शेवग्याचा वाळवलेला पाला घालता येतो. सुकटीची चुरीही चांगली, पण खारवलेली नको, जास्त मिठाने पिल्लं मरतात. उलट मीठ अगदीच नसेल तरी टोचणं वाढतं. तयार खाद्यात ते मापात असतं, वरून घालू नका.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी ठासून सांगते. सोयाबीन कच्चं देऊ नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत आणि पिल्लांची वाढ खुंटते, भाजूनच द्या. आणि सरकीची ढेप गाईम्हशींसाठी ठेवा. तिच्यातलं गॉसिपॉल कोंबड्यांना बाधतं. घरात पोतं भरून आहे म्हणून मूठभर टाकली, असं करू नका. पावसाळ्यात बुरशी धरलेली शेंगदाणा ढेप किंवा मकाही फेकून द्या, वाळवून परत वापरू नका.

दोन-चार दिवसांची पिल्लं एकमेकांच्या डोळ्यांना आणि पायाच्या बोटांना टोचतात. हीसुद्धा भांडणं का?

नाही. या वयात पिल्लू दिसेल त्या ठिपक्याला टोचून बघतं. डोळा चकाकतो, बोट हलतं, म्हणून तिथे टोचतं. दाण्याचं भांडं उंच असलं किंवा सापडत नसलं तर हे वाढतं. पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्रावर दाणा पसरा, भांडं पाठीच्या उंचीला आणा. आपोआप थांबतं.

एका पिल्लाच्या मागच्या बाजूलाच सगळे टोचतात.

उचलून बघा, विष्ठा चिकटून वाळली असेल. कोमट पाण्याने भिजवून हळूच काढा, ओढू नका, कोरडं करून थोडं खोबरेल तेल लावा. विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यातून औषध आणा आणि ओलं भुसकट बदला.

पोराने बाजारातून गुलाबी रंगाचं पिल्लू आणलं. त्याला घरची पिल्लं जगू देत नाहीत.

सायकलवर टोपल्यात विकतात ती रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. हॅचरीला नको असलेले. रंगामुळे ती कळपात वेगळी दिसतात आणि वेगळं दिसणाऱ्याला कोंबड्या टोचतात. शिवाय त्यांना लस दिलेली असेलच असं नाही. पंधरा दिवस तरी वेगळ्या खोक्यात, घरचं एकही पिल्लू सोबत न ठेवता, पूर्ण अलग ठेवा. त्या काळात आजार असला तर कळतो, नवी पिसं फुटली की रंगही उतरायला लागतो. मग जाळीआडून ओळख करून द्या. हेच पिल्लू तीन-चार महिन्यांनी तगडा कोंबडा होऊन इतरांना पळवू लागतं, तेही लक्षात असू द्या. खरं तर अशी पिल्लं मुलांना खेळायला घेऊच नयेत. हाताळून हाताळून त्यांचे हाल होतात.

मोठ्या कोंबड्यांत छोटी पिल्लं कधी सोडायची? आणि खुडूक कोंबडी परकी पिल्लं घेते का?

आईसोबतची पिल्लं आईच्या धाकाने सुरक्षित असतात. विकत आणलेली, आई नसलेली पिल्लं दहा-बारा आठवड्यांची होऊन अंगाने मोठ्यांच्या जवळ येईपर्यंत मिसळू नका. आधी आठवडाभर जाळीच्या दोन बाजूंना ठेवा. एकटं पिल्लू कधीच सोडू नका, निदान दोघं-तिघं एकदम.

खुडूक बसलेली कोंबडी एक-दोन दिवसांची परकी पिल्लं रात्री पोटाखाली सरकवली तर बहुधा घेते. आठवड्याच्या पिल्लाला ती टोचून हाकलते. आणि सहा-आठ आठवड्यांनी सख्खी आईही पिल्लांना टोच मारून दूर करते, ती तिची पुन्हा अंड्यावर येण्याची खूण आहे. तिला डालग्याखाली घालू नका.

मारकं पिल्लू नरच असतं का?

बहुतेक वेळा, पण तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्याही, दांडग्या असतात. चार ते सहा आठवड्यांत तुरा लाल व्हायला लागला, पाय जाड दिसले, उभं राहण्यात ताठा आला तर नर समजा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. एका उबवणीतून पाच-सहा नर निघाले तर तलंगांपासून दूर त्यांचा वेगळा गट करा. मादी समोर नसली की नर आपसात बऱ्यापैकी शांत राहतात.

जातीवर अवलंबून आहे का?

आहे. गिरिराज, वनराज ही परसासाठी तयार केलेली पिल्लं सहसा शांत. कडकनाथ बुजरा, पळणारा. असील मात्र झुंजीसाठीच शतकानुशतकं निवडत आणलेली जात आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेकडे ती पुष्कळ घरांत दिसते, आणि तिची पिल्लं काही आठवड्यांची असतानाच हटून भांडतात. मान खाली घालणं त्यांच्या स्वभावात कमी. असील किंवा तिचा संकर असेल तर नर लवकर वेगळे करा, वरचे उपाय पुरे पडणार नाहीत. "चांगला भांडतो, कोंबड्यांच्या झुंजीला नेऊ" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पायाला काती (धारदार पातं) बांधलेल्या पक्ष्याचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला कायदा सांगावा लागत नाही.

पिल्लू माझ्या हाताला टोचतं, नातवाच्या मागे लागतं.

वरून येणारा हात पिल्लाला घारीसारखा वाटतो. खाली बसा, बाजूने हात न्या, तळव्यावर दाणा ठेवून त्याला आपणहून येऊ द्या. बांगडी, अंगठी, हातावरचा तीळ यांना टोचणं ही नुसती चौकशी आहे. चार-पाच महिन्यांचा कोंबडा पंख खाली सोडून, तिरका चालत अंगावर येतो ती गोष्ट वेगळी. लाथ मारू नका, पळूही नका. शांत उभं राहा, मग त्याला उचलून काखेत धरून थोडा वेळ हिंडा. लहान मुलांनी काठीने डिवचलेला कोंबडा हमखास मारका होतो, तेव्हा आधी मुलांना आवरा. आणि तरी मुलांच्या अंगावर उडत असेल तर तो घरात ठेवू नका. पायाचा काटा डोळ्याला लागू शकतो.

चोच कापू का?

परसातल्या पिल्लाची नको. चोचीच्या आत शिरा आणि नसा असतात, कापताना दुखतं, रक्त येतं, आणि मोकळं फिरणाऱ्या पक्ष्याला किडे, दाणे वेचता येत नाहीत. घरी नेलकटरने तर कधीच करू नका.

टोचणं थांबवायचं औषध मिळतं का?

खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण पशुवैद्यकांच्या सल्ल्याने देता येतं. प्रतिजैविकांचा यात काही उपयोग नाही. रानीखेत आणि देवीच्या लसी मात्र वेळेवर द्या. आजारी, पेंगुळलेल्या पिल्लालाच कळप आधी टोचतो.

सगळं करून पाहिलं, फरक नाही. ठेवू की काढू?

जागा, दाणा, उजेड सुधारला, दोनदा डालग्यात ठेवलं, तरी रक्त काढत असेल तर काढा. एका पक्ष्यासाठी बाकीच्यांनी रोज मार खाणं बरोबर नाही. नर असेल तर वेगळा ठेवून चार-पाच महिन्यांत वजन भरलं की घरी खायला किंवा आठवडी बाजारात द्या. त्याच्यापासून फळलेली अंडी उबवायला धरू नका, भांडखोरपणा पिल्लांत उतरतो. तलंग असेल तर अंड्यावर येईपर्यंत थांबून बघायला हरकत नाही, काही त्या वेळी निवळतात. दुसऱ्याला पाळायला देत असाल तर तिचा स्वभाव देताना सांगा, म्हणजे ते तिला लहान पिल्लांत सोडणार नाहीत.